गुंठ्याला नाव मिळाले; रस्ता कोण देणार?

पुणे : तुकडेबंदी कायद्याचा भंग करून झालेले जमिनींचे व्यवहार कोणतेही अधिमूल्य न आकारता नियमित करण्याचा अध्यादेश राज्य सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये काढला. नागरी आणि नियोजन प्राधिकरणांच्या क्षेत्रात 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात झालेल्या बिगरशेती वापराच्या व्यवहारांना त्यामुळे संरक्षण मिळाले. आयुष्यभराची पुंजी घालून शहराच्या वेशीवर गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्या कुटुंबांचा हा दिलासा रास्तच आहे. मात्र कागद नियमित झाला म्हणून वस्ती नियमित होत नाही. सात-बारावर नाव चढेल. पण दारापर्यंत रुग्णवाहिका जाईल काय, या प्रश्नाचे उत्तर अध्यादेशात नाही. ते जमिनीच्या आखणीत आहे.

मूळ कायदा 1947चा. शेतीचे न परवडणारे तुकडे पडू नयेत, हा त्याचा हेतू. 2023 मध्ये बहुतांश जिल्ह्यांसाठी जिरायतीचे 20 आणि बागायतीचे 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरविण्यात आले. शहरांलगत मात्र या कायद्याने ना शेत वाचले, ना नीट नगर उभे राहिले. दहा अनोळखी खरेदीदारांच्या नावे 11 गुंठ्यांचे सामाईक खरेदीखत करायचे आणि जागेवर फक्की टाकून प्लॉट वाटून द्यायचे, ही पळवाट सर्वश्रुत आहे. मंजूर रेखांकनाविना अशा तुकड्यांची दस्तनोंदणी करू नये, असे परिपत्रक जुलै 2021 मध्ये निघाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये ते रद्द ठरविले. दुसरीकडे नियमितीकरणाची दारे उघडतच राहिली. 2001 मध्ये गुंठेवारी कायदा आला. 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढली. तुकड्यांच्या नियमितीकरणाचे अधिमूल्य 25 टक्क्यांवरून 2024 मध्ये पाच टक्क्यांवर आणि 2025 मध्ये शून्यावर आले.

गुंठ्याचे गणित

ही वाट इतकी रुळली, याचे कारण साध्या हिशेबात आहे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा. जुन्या मोजणीतील 33 फुटी साखळीचा एक चौरस. एक एकर म्हणजे 40 गुंठे. 45 मीटर रुंद आणि 90 मीटर लांब असे एकराचे शेत घेतले आणि मधून नऊ मीटर रुंदीचा रस्ता काढला, तर आठ गुंठे रस्त्यात जातात. डिसेंबर 2020 पासून मुंबईबाहेरील बहुतांश राज्यात लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर व त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ते आणखी चार गुंठे. विक्रीला उरतात 28.

गुंठेवारीचा विक्रेता त्याच शेतातून दहा फुटांचा बोळ काढतो. त्यात जेमतेम पावणेतीन गुंठे जातात आणि विकायला 37 गुंठे मिळतात. हा नऊ गुंठ्यांचा फरक म्हणजेच स्वस्त प्लॉटचे गुपित. खरेदीदाराला जी जागा स्वस्त मिळाली असे वाटते, तिच्या किमतीतून रस्ता, गटार आणि मैदान वजा केलेले असते. ती किंमत पुढे कधीतरी चुकवावी लागतेच. तेव्हा ती रहिवासी चुकवतो आणि महापालिका म्हणजेच इतर करदाते चुकवतात. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. घरे आधी आणि आराखडा नंतर, या क्रमामुळे रस्तारुंदीसाठी उभी घरे पाडण्याखेरीज पर्याय उरत नाही.

मोजणी आणि आखणी

या साऱ्यात भूकरमापकाची भूमिका दुर्लक्षित राहिली आहे. आपल्याकडे भूमापनाच्या शिक्षणाचा भर हद्द, क्षेत्रफळ आणि नकाशा अचूक काढण्यावर असतो. साखळी आणि प्लेन टेबल जाऊन ईटीएस यंत्रे व रोव्हर आले, अचूकता वाढली. परंतु शेताची वस्ती करताना लागणारे ज्ञान निराळे आहे. जमिनीचा उतार कोणीकडे, पावसाचे पाणी कोठून वाहते, शेजारच्या गटातला रस्ता कोठे येऊन थांबतो, वळणावर अग्निशमन बंब वळेल काय, ही ती दृष्टी. समतल रेषांचा नकाशा न काढता प्लॉट पाडले की ओढ्याची वाट हमखास प्लॉटखाली जाते. पाण्याच्या वाटेलगतच्या वस्तीची किंमत काय, हे 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्याला दाखवून दिले.

ऑक्टोबर 2025 मध्ये मोजणीच्या कामासाठी परवानाधारक खासगी भूकरमापक नेमण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. प्रलंबित प्रकरणे पाहता तो आवश्यक होता. मात्र परवान्याच्या परीक्षेत रेखांकनाचे ज्ञान तपासले जाणार नसेल, तर चुकीची आखणी अधिक वेगाने आणि अधिक अचूकपणे नोंदली जाईल, एवढेच.

हीच संधी

नियमितीकरणानंतर ज्यांची नावे आजवर सात-बाराच्या 'इतर हक्कांत' होती, ती कब्जेदार सदरी येतील. त्यानंतर पोटहिश्श्यांच्या मोजणीसाठी अर्ज होणे स्वाभाविक आहे. येथेच निवड करावी लागेल. प्रत्येक अर्जदाराचा तुकडा सुटा मोजला, तर दहा फुटांचे बोळ कायमचे नकाशावर येतील. त्याऐवजी संपूर्ण गटाची मोजणी एकाच वेळी झाली, रस्ता, ओढा आणि मोकळी जागा आधी नकाशावर आली आणि मगच पोटहिस्से पाडले, तर निदान जेथे घरे उभी राहिलेली नाहीत तेथे रुंदी वाचवता येईल. त्यासाठी प्रत्येकाला हात-दोन हात जागा सोडावी लागेल. ते अशक्य नाही. शेजारी शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र केल्यास काय घडते, हे पुण्यातच शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकरांवर उभारलेल्या मगरपट्टा सिटीत दिसते.

लाखो तुकड्यांना सरकारने एकदाच माफी दिली आहे. मात्र 15 ऑक्टोबर 2024 नंतरही फक्की पडतेच आहे. तेथे आखणी झाली नाही, तर पुढच्या अध्यादेशाची तारीख तेवढी ठरायची राहील.