एक तरी पिंप घासा
हुबळीत नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून गोकुळ रोडवरच्या घरांतही टाकी, पिंपं, घागरी भरून ठेवायची जुनी सवय. नळाला येणारं मलप्रभा नदीचं पाणी जपायलाच हवं. पण पिंप घासायचं काम मात्र ‘पुढच्या रविवारी’वर जातं. बुळबुळीत कडा, तळाचा गाळ, वाकून भरून येणारी कंबर... कुणाला आवडेल? तरी डेंग्यूचा डास याच कडांना अंडी चिकटवतो. पाणी उपसलं तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास उडतो. माझ्या मते सगळी पिंपं एकदम घासायला काढायचं मनात आणूच नये. पाणी यायच्या आदल्या दिवशी, तळ दिसत असताना, एकच पिंप काथ्यानं खरवडून घासा. हात ओले झाले की दुसरं आपोआप ओढलं जातं. झाकण घट्ट बसतंय ना, तेवढं आजच बघा.