मलेरियाची रक्तातली खूण

परजीवी दुसऱ्याच्या शरीरावर जगतो आणि ते शरीरही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याशी झुंजायला शिकते. मलेरियाचेच पाहा. डास चावला की त्याचा परजीवी आपल्या रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशींत वाढतो.

जिथे मलेरिया फार, तिथे माणसाच्या रक्तातही बदल टिकून राहिला. आई किंवा वडील, एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळाले तर मूल सहसा निरोगी असते. शिवाय जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले.

मात्र दोघांकडूनही ते जनुक आले तर पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग असह्य दुखते, रक्त कमी होते. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळाला हा धोका २५ टक्के असतो. नात्यातल्या लग्नात दोघेही वाहक निघण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार आढळतो. म्हणून निकाहची बोलणी पक्की करण्याआधी मुला-मुलीची रक्ततपासणी करून घ्या. वाहक असण्यात कमीपणा काही नाही. लपवण्यात मात्र येणाऱ्या लेकराचे नुकसान आहे.