अर्धें ‘श्री’

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळांच्या संबंधांत फार ऐकूं येतो. जें जीर्ण झालें त्याचा उद्धार करावयाचा, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु पुष्कळदां या नांवाखालीं जीर्णाचा उद्धार न होतां नाशच होतो, आणि जुन्याचें नांव लावून नवीच वस्तु उभी राहते. हा प्रकार देवळांतच होतो असें नाहीं. आपल्या घरांतही होतो. आमच्या शिरगांवच्या घरीं तो यंदां होतां होतां राहिला, आणि खरें सांगावयाचें तर थोडासा झालाही. ही हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें कारण इतकेंच, कीं असा प्रसंग प्रत्येक मोठ्या कुटुंबांत केव्हां ना केव्हां येतो.

वस्तु तशी मोठी नव्हे. आमच्या कैलासवासी वडिलांची, अण्णांची, १९७८ सालची लूना. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें ही गाडी १९७२ सालीं बाजारांत आणली. तिची घडण इटलींतील पियाज्जो कंपनीच्या ‘चाओ’ या गाडीवरून घेतली होती. इंजिन अवघें ५० सी.सी.चें, गिअर बदलण्याची कटकट नाहीं, आणि वाटेंत पेट्रोल संपलेंच तर सायकलीप्रमाणें पायडल मारीत घर गांठावें, अशी सोय. स्कूटरसाठीं लोक वर्षानुवर्षें नंबर लावून बसत, त्या काळांत कारकून आणि शिक्षक यांच्या दारांत पहिलें यंत्रवाहन आलें तें पुष्कळ ठिकाणीं हेंच. शिवाय साडी नेसून चालवितां येण्याजोगी असल्यामुळें घराबाहेर काम करणाऱ्या कितीएक स्त्रियांना तिनें स्वतःच्या पायांवर, किंवा चाकांवर म्हणा, उभें केलें.

अण्णा रोज सकाळीं तिच्यावरून बदलापूर स्टेशन गांठीत, तेथून लोकलनें मुंबई, आणि दिवेलागणीनंतर परत. मागच्या कॅरिअरवर तांदुळाचें पोतें, गॅसची टाकी आणि सणासुदीला आमच्या मातोश्री, असें सर्व कांहीं बसलें आहे. कॅरिअर एकदां तुटलें तेव्हां तें जोडणाऱ्यानें ओबडधोबड वेल्डिंग केलें. तो गांठाळ सांधा अजून तसाच आहे. मातोश्री ज्या दांडीला धरून बसत, तेथील रंग बांगड्यांनीं खरवडून गेला आहे. अण्णा गेल्यावर गाडी मागच्या पडवींत ताडपत्रीखालीं पडून राहिली. आमच्या इकडच्या पावसाळ्यानें लोखंडाचें जें करावयाचें तें केलें.

यंदां मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन. आमच्या पुतण्याच्या मनांत आलें, कीं आजीच्या त्या दिवशीं अण्णांची लूना नव्यासारखी करून दारांत उभी करावी. जवळच्या एका गॅरेजवाल्यानें बेत सांगितला : सर्व रंग यंत्रानें खरवडून काढूं, भट्टींत भाजून नवा लालभडक रंग देऊं, चकचकीत क्रोम आणि नवीं स्टिकरें लावूं, कॅरिअर बदलून टाकूं. घरांतील सर्वांनीं माना डोलाविल्या, आम्हीही डोलाविली. इतकेंच नव्हे, तर गॅरेजचा खर्च थोडा वांचावा म्हणून आम्हीं स्वतःच पॉलिशपेपर घेऊन एका रविवारीं मागचा मडगार्ड घासावयास घेतला.

मडगार्डावर ग्रीस आणि धुळीचा जाड थर होता. त्याखालीं पांढरट डाग दिसूं लागला. डाग म्हणून आम्हीं जोरानें घासलें, आणि अर्धा पुसला गेल्यावर ध्यानांत आलें, कीं तो डाग नव्हे, ‘श्री’ आहे. अण्णा दर दसऱ्याला बारीक ब्रशानें तेथें पांढऱ्या ऑइलपेंटनें ‘श्री’ गिरवीत असत. लहानपणीं आम्हीं शेजारीं बसून तें पाहिलेलें, आणि तें सपशेल विसरून गेलों होतों. वेलांटी तेवढी राहिली. खालचें अक्षर गेलें.

पुतण्या म्हणाला, “काका, मी तसेंच पुन्हां काढून देतों.” मातोश्री पडवींत येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “नको. तें अक्षर त्यांचें होतें. तुझें अक्षर चांगलें आहे बाळा, पण तेथें नको.” आम्हांस त्या एक शब्दही बोलल्या नाहींत. त्याच संध्याकाळीं गॅरेजवाल्यास नको म्हणून कळविलें.

मातोश्रींच्या त्या दोन वाक्यांत जें होतें तें मोठमोठ्या तज्ज्ञांनाही कांहीं निराळें सांगतां आलेलें नाहीं. १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या स्थापत्यतज्ज्ञांनीं जुन्या वास्तूंसाठीं एक सनद तयार केली. तिचें सार असें, कीं जेथें निव्वळ तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि नवा भाग घालणें भागच पडलें तर तो एकंदर रूपाशीं जुळावा, पण जुन्यापासून ओळखूंही यावा. जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१२ सालीं मान्य केलेल्या तुरिनच्या सनदेंत हाच विचार मोटारी आणि दुचाक्यांना लावला आहे. आमच्या वाचकांस इतक्या लांब जाण्याचें कारण नाहीं. अंबरनाथचें शिवमंदिर आम्हांस शेजारचेंच. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. साडेनऊशेंहून अधिक पावसाळ्यांनीं तेथील मूर्तींचे चेहरे झिजविले आहेत. उद्यां कोणी भाविकानें त्यांस सिमेंटचीं नाकें बसविलीं आणि वर रंग फांसला, तर त्यास जीर्णोद्धार म्हणावयास आपली जीभ धजेल काय?

परंतु याचा अर्थ जुनें तें सर्व तसेंच ठेवावें असा मुळींच नव्हे. देऊळ एका जागीं उभें असतें. गाडीवर माणूस बसतो. म्हणून आम्हीं घरांत एक नियम ठरविला : ज्यावर जीव अवलंबून आहे तें नवें, आणि ज्यावर आठवण आहे तें जुनें. टायर आणि ट्यूब, ब्रेकचे लायनर, सर्व केबली, पेट्रोलची नळी, विजेच्या तारा आणि इंजिनाचीं वाळून गेलेलीं ऑइल-सीलें, हें सर्व नवें घातलें. रबर वापरलें नाहीं तरी म्हातारें होतें; त्याच्याशीं भावनेचा व्यवहार करूं नये. कार्ब्युरेटरांत जुन्या पेट्रोलाचा डिंकासारखा चिकटा बसला होता. जेटचें सूक्ष्म भोंक मोकळें होतांच अर्धें काम झालें. सायलेन्सरांतील काजळी काढली, पॉइंट साफ केले, प्लग नवा घातला. टाकींत बारीक खडी आणि रॉकेल घालून ती घुसळली, तेव्हां चहाच्या रंगाचें पाणी निघालें.

बाहेरच्या अंगास मात्र पॉलिशपेपर लावला नाहीं. आधीं सर्व बाजूंनीं फोटो काढले. मग रॉकेलनें भिजविलेल्या मऊ फडक्यानें मळ सोडविला. सुटा गंज तेलांत बुडविलेल्या अगदीं बारीक पोलादी लोकरीनें हलकेच काढला. आणि शेवटीं मेणाचा पातळ हात दिला, म्हणजे ओलावा आंत शिरत नाहीं. जें औषध वापरावयाचें तें प्रथम नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यांत लावून पाहावें, हा धडा आम्हांस अर्धें ‘श्री’ गमावून मिळाला; वाचकांस तो फुकट मिळत आहे. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून डब्यांत ठेवला आहे. कॅरिअरचा गांठाळ सांधा जागेवरच आहे; तो घट्ट असल्याची तेवढी खात्री करून घेतली.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा ओढून घेतें आणि जुन्या रबरास मानवत नाहीं. म्हणून गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. दुसरी गोष्ट कायद्याची. ५० वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत राखलेलें आणि ज्यांत मोठा फेरफार केलेला नाहीं असें वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदण्याची सोय केंद्र सरकारनें २०२१ सालीं केली आहे. अशा वाहनाचा रोजचा वापर मात्र करतां येत नाहीं. आमच्या लूनेची ५० वर्षें २०२८ सालीं भरतील. तोंवर, नोंदणीची मुदत केव्हांच संपलेली असल्यामुळें, ती अंगणाबाहेर जाणार नाहीं.

अंगणांत मात्र ती गेल्या पंधरवड्यांत चालली. संध्याकाळची वेळ होती. पुतण्यानें पायडल मारलें, तिसऱ्या खेपेस इंजिन धरलें, आणि तो ओळखीचा फटफट आवाज कुंपणाशीं जाऊन परत पडवीपर्यंत आला. घरांतील सर्व मंडळी बाहेर धांवली; मातोश्री तेवढ्या आल्या नाहींत. त्यांना आवाज ऐकूं आला नाहीं कीं काय म्हणून आम्ही आंत गेलों, तर त्या स्वयंपाकघरांत गॅसपाशीं उभ्या होत्या. चहाचें आधण ठेवून झालें होतें.