स्टिअरिंग हातात, मग बॉनेट का नाही?

गाडी चालवणारी बाई हा आता कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. मुलांना क्लासला सोडण्यापासून सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यापर्यंत सगळं आपण करतो. पण गाडी सर्व्हिसिंगला द्यायची वेळ आली, की मात्र ‘ते बघतील’. ते म्हणजे नवरा, भाऊ, नाहीतर मुलगा. आणि कधी आपणच गेलो, तर काउंटरवरचा मुलगा अदबीने विचारतो, ‘‘मॅडम, साहेबांना फोन लावून देता का?’’

मला या प्रश्नाचा राग येतोच, पण त्याहून जास्त त्यामागचा हिशेब खटकतो. गिऱ्हाइकाला काही कळत नाही अशी एकदा खात्री पटली, की बिलात दोन ओळी वाढायला वेळ लागत नाही. इंजिन फ्लशिंग, अमुक कोटिंग, तमुक ट्रीटमेंट. भाजीची जुडी उलटसुलट करून घेणाऱ्या बायका ते बिल न वाचता सही करतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

खरं तर यात शिकायचं फार नाही. कुकरची रिंग कधी बदलायची, यासाठी कुणी आपल्याला कोर्सला घातलं होतं का? तितकंच हे.

सुरुवात टायरपासून करावी. ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक स्टिकर दिसतो. कोणत्या टायरमध्ये किती हवा, ते त्यावर लिहिलेलं असतं. खुद्द टायरवरचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हवा टायर गार असताना, म्हणजे सकाळी निघाल्या निघाल्या तपासायची. कमी हवा असली की पेट्रोल जास्त जातं आणि टायर कडेने झिजतो. जास्त असली की मधोमध झिजतो. पंपावर नायट्रोजनचा आग्रह झाला, तर एवढं लक्षात ठेवा, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मग बॉनेट. इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा. सपाट जागेवर ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटची पातळी टाकीच्या बाहेरूनच दिसते. इंजिन गरम असताना ते झाकण मात्र कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. महिन्यातून एकदा हे सगळं करायला दहा मिनिटं पुरतात.

आता खर्चाचं. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. ४२० किलोमीटर झाले आणि २८ लिटर लागलं, तर ॲव्हरेज १५. दूधवाल्याचा हिशेब लिहितो तसं हे लिहीत गेलं, की गाडी बिघडण्याआधीच वही सांगते. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी १५ वरून १३ वर आली, तर दहा लिटर पेट्रोल जास्त जातं. लिटरचे शंभर रुपये धरले, तरी हजार रुपये गेले! कारण बऱ्याचदा साधंच असतं. टायरमधली कमी हवा, धुळीने भरलेला एअर फिल्टर, डिकीत महिनोन् महिने फिरणारं सामान. नाहीतर आपली सवय. क्लचवर पाय ठेवून चालवणं, सिग्नल दिसत असूनही ॲक्सिलरेटर दाबून मग कचकन ब्रेक मारणं, कोपऱ्यावर कुणाची तरी वाट पाहत इंजिन चालू ठेवणं.

काही ठिकाणी मात्र काटकसर नको. घाट उतरताना इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग मी पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर कमी होतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच हवी. टायरच्या खाचाही तशाच. कायद्याने त्या किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांमधले छोटे उंचवटे टायरच्या पातळीला आले, की टायर बदलायचा. पावसाळ्याआधी तर नक्कीच.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागाव्यात. गाडी देतानाच खर्चाचा लेखी अंदाज, विचारल्याशिवाय जादा काम करायचं नाही ही जॉबकार्डावरची नोंद, आणि बदललेले जुने पार्ट. आणि एक प्रश्न विचारावा, ‘‘हे मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलंय?’’ पुष्कळशा ट्रीटमेंट तिथेच गळून पडतात.

कागदपत्रांचं मी मुद्दाम शेवटी घेतेय, कारण ते सगळ्यात महाग पडतं. आमच्या ओळखीतल्या एक बाई उत्तम गाडी चालवायच्या. यजमान अचानक गेले. विमा कुठल्या कंपनीचा, कधी संपतो, काहीच ठाऊक नव्हतं. गाडी वर्षभर जागेवर उभी. बॅटरी गेली, विमा संपला. क्लेम न केल्याबद्दल मिळणारा बोनस वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, पण विमा संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर तो हातचा जातो. त्यांचा तसाच गेला. खरं तर मालकाच्या पश्चात तो वारसाला मिळू शकतो. दुःखात हे त्यांना कोण सांगणार होतं? विम्याची आणि पीयूसीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी असायला काय हरकत आहे?

‘हे बायकांचं काम नाही’ म्हणणाऱ्यांना मी बर्था बेंझची आठवण करून देते. मोटारीने पहिला लांबचा प्रवास केला तो या बाईने, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता. जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. तिथे साहेबांना फोन लावायची सोयच नव्हती!

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं ते मॅन्युअल बाहेर काढा. बहुतेक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल.