पडलेले नाटक आणि त्याची वाट पाहणारे

नाटक ‘पडले’ असे एकदा लोकांच्या तोंडी झाले, म्हणजे त्याचे आयुष्य संपले असा सर्वत्र समज आहे. नटमंडळी दुसऱ्या खेळाच्या तालमीस लागतात, आणि कर्त्याच्या इतर कृतींचे गुणगान करणारे लोक त्या एका कृतीपुरते मौन धरतात. परंतु क्वचित असेही घडते की, नाट्यगृहाने टाकलेली कृती घराघरांतून सांभाळली जाते, आणि तिची वाट पाहणारा एवढा मोठा वर्ग तयार होतो की, अखेर नाट्यगृहास तिच्यासाठी पुन्हा दार उघडावे लागते. न्यूयॉर्क शहरी ब्रॉडवेच्या रंगभूमीवर २०२३ साली असा एक प्रसंग घडला. रसिकाची प्रतीक्षा म्हणजे नुसते स्वस्थ बसणे नव्हे, हे त्यावरून इतके स्पष्ट होते की, ती हकीकत वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नाटकाचे नाव ‘मेरिली वुई रोल अलाँग’. कॉफमन आणि हार्ट या जोडीने १९३४ साली याच नावाचे एक गद्य नाटक लिहिले होते. त्यावरून जॉर्ज फर्थ यांनी नवी संहिता रचली आणि स्टीफन सॉण्डहाइम यांनी पदे व संगीत दिले. दिग्दर्शक होते हॅरल्ड प्रिन्स. सॉण्डहाइम आणि प्रिन्स ही जोडी त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होती. १९७० साली ‘कंपनी’, १९७१ साली ‘फॉलीज’, १९७९ साली ‘स्वीनी टॉड’ अशी एकाहून एक सरस संगीत नाटके त्यांनी रंगभूमीस दिली होती. त्यामुळे १९८१ सालच्या या नव्या खेळाविषयी मोठ्या अपेक्षा असाव्यात, यात नवल नाही.

कथानक तीन मित्रांचे आहे. फ्रँक हा संगीतकार, चार्ली हा कवी व नाटककार, आणि मेरी ही लेखिका. फ्रँक पुढे संगीत सोडून चित्रपटांच्या धंद्यात पैसा मिळवितो, चार्लीशी त्याचे वाकडे येते आणि मेरी मद्याच्या आहारी जाते. यात नवे काही नाही, असे कोणी म्हणेल. परंतु नाटककाराने ही कथा उलटी सांगितली आहे. प्रारंभीच आपणांस मोडलेले मैत्र दिसते. पुढे प्रत्येक प्रवेशात काळ काही वर्षे मागे सरकतो, आणि अखेरच्या प्रवेशात १९५७ सालच्या एका पहाटे तीन तरुण जीव घराच्या गच्चीवरून रशियाचा स्पुटनिक आकाशात शोधीत उभे राहतात. त्यांस सर्व काही शक्य वाटत असते. त्यांचे पुढे काय होणार हे प्रेक्षकास ठाऊक असते, त्यांस मात्र नसते. या नाटकातील करुणरस सारा येथे आहे.

प्रिन्स यांनी या भूमिका वीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुलामुलींकडे सोपविल्या. कल्पना अशी की, अखेरीस त्यांचे खरे तारुण्य दिसावे. परंतु त्यामुळे आरंभी कोवळी मुले चाळिशीच्या थकलेल्या माणसांची सोंगे आणताना दिसू लागली. कोण कोणाचा कोण, हे प्रेक्षकांस उमजेना. तेव्हा मूळ पोशाख काढून टाकून, पात्रांची ओळख छातीवर छापलेले अंगरखे नटांस देण्यात आले. मुख्य नट बदलला, नृत्याचा दिग्दर्शकही बदलला. तरी उद्घाटनापूर्वीच्या प्रयोगांतून लोक मध्येच उठून जाऊ लागले. १६ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑल्व्हिन नाट्यगृहात रीतसर उद्घाटन झाले, टीकाकारांनी नाटकावर तुटून पडण्यात कसर ठेवली नाही, आणि अवघ्या १६ प्रयोगांनंतर पडदा कायमचा पडला. मैत्री मोडल्याच्या या नाटकाने त्याच्या कर्त्यांवरही आपली छाया टाकली. सॉण्डहाइम आणि प्रिन्स यांनी त्यानंतर २००३ सालापर्यंत एकत्र नवे नाटक केले नाही.

परंतु खेळ बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सारी मुले ध्वनिमुद्रणगृहात जमली आणि नाटकातील पदे त्यांनी तबकडीवर गाऊन ठेवली. ज्या नाटकास लोकांनी नाकारले, त्याची पदे मुद्रित करण्यात व्यवहार फारसा नव्हता. तथापि पुढचा सर्व इतिहास या एका दिवसाच्या कामावर उभा आहे. ज्यांनी ते नाटक पाहिले नव्हते, पाहण्याचा संभवही नव्हता, अशा लोकांनी ती तबकडी घरी आणली, पुनःपुन्हा लावली आणि पाठ केली. ज्या घरांत नाटक पाहण्याआधीच त्याची पदे मुखोद्गत होतात, त्या घरांतील आमच्या वाचकांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको.

येथे एक मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. सामान्य संगीत नाटकात पद आधी येते आणि त्याचे पडसाद मागाहून उमटतात. सॉण्डहाइम यांच्या या नाटकात काळच उलटा वाहत असल्यामुळे पडसाद आधी कानी येतात आणि मूळ स्वर मागाहून. सुधारलेल्या प्रतीत एकच पद प्रथम घटस्फोटाच्या प्रसंगी विषण्ण स्वरात येते, आणि पुढे, म्हणजे कथेच्या काळात पूर्वी, तेच पद विवाहाच्या वेळी आनंदाने गाइले जाते. एकदाच तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकास ही वीण कळावी कशी? तबकडी ऐकणारा मात्र शेवटापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्या पदाकडे वळतो, आणि दुसऱ्या खेपेस त्या पहिल्या पदाने त्याचे मन हलते. १९८१ साली नाटक सदोष होते हे खरेच. परंतु त्यास लागणारा प्रेक्षकही तोवर निर्माण झाला नव्हता. तो प्रेक्षक प्रतीक्षेच्या काळात घरोघरी तयार होत गेला, असे आमचे मत आहे.

कर्तेही स्वस्थ बसले नाहीत. १९८५ साली कॅलिफोर्नियातील ला होया येथे जेम्स लपाइन यांच्या दिग्दर्शनाखाली नाटकाची फेररचना झाली. आरंभीचा पदवीदान समारंभ गाळला गेला आणि नवी पदे आली. पुढे लंडनच्या डॉनमार नाट्यगृहात २००० साली झालेल्या प्रयोगास ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. १९९२ साली लेस्टर येथे मेरीची भूमिका केलेल्या मारिया फ्रीडमन यांनी २०१२ साली लंडनमधील एका लहान नाट्यगृहात हे नाटक स्वतः दिग्दर्शित केले. ज्या बाईने एकदा त्या दुःखी मैत्रिणीच्या अंतरंगात शिरून पाहिले होते, तिच्याच हातून नाटकास अखेर योग्य वळण लागावे, हे आम्हांस साजेसे वाटते.

फ्रीडमन यांचाच खेळ २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील एका दोनशे आसनांच्या नाट्यगृहात आला. जोनाथन ग्रॉफ, डॅनिएल रॅडक्लिफ आणि लिंडसे मेंडेझ हे तिघे तिशी-चाळिशीतील कसलेले नट प्रमुख भूमिकांत होते. म्हणजे १९८१ सालची मुख्य अडचण येथेच दूर झाली. त्यानंतर हाच खेळ ब्रॉडवेवर येणार असे जाहीर झाले, तेव्हा रसिकांत आनंद आणि धास्ती ही दोन्ही एकदमच उद्भवली. जुन्या तबकडीवर जीव जडलेल्यांस गाळलेल्या पदांची हळहळ होती. ज्या रस्त्यावर हे नाटक एकदा तोंडघशी पडले, तेथेच ते पुन्हा पडले तर, ही शंकाही होतीच. शिवाय तिकिटांचा प्रश्न. ब्रॉडवेवरील चांगल्या आसनास शेकडो डॉलर मोजावे लागतात. स्वस्त तिकिटांसाठी सोडतीत नाव घालावे लागते. ज्यांनी चार दशके ही पदे जिवंत ठेवली, त्यांतील कित्येकांस दाराशीच अडावे लागावे, हा या साऱ्या थाटातील न्यून आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

१० ऑक्टोबर २०२३ रोजी हडसन नाट्यगृहात उद्घाटन झाले. नाटक ७ जुलै २०२४ पर्यंत चालले. त्या वर्षीच्या टोनी पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवित संगीत नाटकाचा मान त्यास मिळाला. ग्रॉफ व रॅडक्लिफ यांच्या अभिनयास, तसेच वाद्यवृंदाच्या रचनेबद्दल जोनाथन ट्युनिक यांसही पारितोषिके लाभली. या ट्युनिक यांनीच १९८१ सालच्या खेळासाठीही वाद्यरचना केली होती. परंतु फर्थ २००८ साली, प्रिन्स २०१९ साली, आणि सॉण्डहाइम २६ नोव्हेंबर २०२१ रोजी निवर्तले होते. ब्रॉडवेवरील हे यश तिघांपैकी कोणाच्याही वाट्यास आले नाही.

यावरून ‘देर आहे पण अंधेर नाही’ असा सोपा बोध काढावयास आम्ही तयार नाही. सर्वच पडलेली नाटके उठत नाहीत, आणि सर्वच उठण्याच्या योग्यतेची असतात असेही नाही. हे उठले, कारण कर्त्यांनी त्यातील दोष शोधण्याचे काम सोडले नाही, नटांनी आपले गाणे मुद्रित केल्यावाचून रंगभूमी सोडली नाही, आणि श्रोत्यांनी लोकमताकडे न पाहता स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला. आवडलेल्या कृतीची वाट पाहणाऱ्याने एवढे मात्र करावे की, ती परत येईल त्या रात्री घरची तबकडी घरीच ठेवून जावे. पाठ असलेला प्रत्येक स्वर जसाच्या तसा उमटावा असा हट्ट धरणारा रसिक नाटक पाहत नाही, आपली आठवण तपासीत बसतो. समोरचा नट आज, या क्षणी, प्रथमच गात आहे, असे समजून ऐकणाऱ्यासच इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेचे फळ पदरात पडते.