ससाणा की बेडूक?

होस्टेलच्या कुठल्याही खोलीतलं पोस्टर बघा. त्यावर गरुड नाहीतर ससाणा झेप घेत असतो. बेडूक कधीच नसतो! बेडूक म्हटलं की आपल्याला आठवतो तो फक्त 'कूपमंडूक'. माझ्या मते हा बेडकावर सरळसरळ अन्याय आहे.

बहिरी ससाण्याचं कौतुक मलाही आहेच. सावजावर सूर मारताना तो ताशी ३०० कि.मी.च्या पुढे जातो. एवढा वेगवान प्राणी जगात दुसरा नाही. पण अलास्का-कॅनडात 'वूड फ्रॉग' नावाचा बोटभर बेडूक राहतो, त्याची करामत बघा. हिवाळ्यात तो पाचोळ्याखाली चक्क गोठतो. अंगातल्या जवळजवळ ६५ टक्के पाण्याचा बर्फ होतो, श्वास थांबतो, हृदय बंद पडतं. तेही महिनोन् महिने! मात्र थंडीआधीच त्याने यकृतात ग्लायकोजन साठवलेलं असतं. गोठायला लागताच त्याची साखर होऊन पेशींत पोचते आणि पेशींच्या आत बर्फ होत नाही. वसंतात अंग वितळलं की हृदय पुन्हा सुरू, आणि गडी उड्या मारायला मोकळा!

आपल्याकडे मात्र माप एकच, ससाण्याचं. पहिल्याच कंपनीत कॅम्पस झालं तो हिरो. ज्याला वाय.डी. लागला तो आमच्या लेखी 'गेला'. आधी प्रोजेक्ट ग्रुपमधून त्याचं नाव जातं, मग कट्ट्यावरच्या चहातूनही. अरे, तो थांबलाय, संपलेला नाही!

आणि ससाण्याला तरी त्याच्या वेगाने कुठे वाचवलं? डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, अंडी घरट्यातच फुटू लागली. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, माणसांनी पिल्लं वाढवून रानात सोडली, तेव्हा कुठे १९९९ साली तिथल्या धोक्याच्या यादीतून त्याचं नाव निघालं.

तेव्हा वाय.डी.वाल्या दोस्तांनो, हे वर्ष म्हणजे तुमचा हिवाळा समजा. राहिलेले विषय नीट करा, तीच तुमची साठवण. आणि पुढे गेलेल्यांनो, तुमच्या नोट्स त्याला द्या, एम-थ्रीची गणितं सोडवताना त्याला शेजारी बसवा, चहाला हाक मारा. बेडूक आपली साखर आपणच तयार करतो. माणसाला ती कधीकधी दोस्तांकडून उसनी घ्यावी लागते.