उभ्या ट्रॅक्टरचे खाणे

पाडव्याच्या मुहूर्तावर घरात नवी वस्तू यावी, हा आपला जुना परिपाठ. शहरात फ्रीज येतो, मोटार येते. खेड्यात ट्रॅक्टर येतो. त्याला झेंडूची माळ घालतात, पुढच्या बाजूस कुंकवाचे स्वस्तिक काढतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. वस्तू केवढ्याला घेतली, हे त्या दिवशी जो तो विचारतो. ती तासाला केवढ्याला पडणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. वाचकहो, आमच्या या सदराचा धंदाच असले नको ते प्रश्न विचारण्याचा. तेव्हा यंदा एका ट्रॅक्टरचाच हिशेब मांडतो. शेती नसलेल्यांनी पान उलटू नये. शेवटी हा हिशेब त्यांच्याही दारात येऊन उभा राहणार आहे.

मुळशी तालुक्यातले जांबे हे माझ्या बहिणीचे सासर. हिंजवडी आणि मारुंजी हे त्याचे शेजार. भाताच्या खाचरात उभे राहून मान वर केली की उंचच उंच इमारती दिसतात. बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या भाचेबुवांकडे, तीन एकर रान उरले आहे. पावसाळ्यात भात, मागून हरभरा, विहिरीच्या अंगाला थोडा भाजीपाला. बैल गेले त्याला बरीच वर्षे झाली. मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. या जुलैत पाऊस झाला, खाचरे भरली, रोपे लावणीला आली, आणि भाड्याचा ट्रॅक्टर आठ दिवस उशिरा आला. सगळ्या गावाला चिखलणी एकाच आठवड्यात हवी असते, त्याला ट्रॅक्टरवाला तरी काय करणार? पण त्या आठ दिवसांत भाचेबुवांनी मनाशी ठरवून टाकले, की आता स्वतःचा लहान ट्रॅक्टर घ्यायचा. पैसा तयार होता. मुलीच्या कॉलेजसाठी पाच लाखांची ठेव बँकेत ठेवलेली, तिची मुदत आता संपत आली होती.

“मामा, हिशेब सरळ आहे,” भाचेबुवा म्हणाले. “तासाला अडीच लिटर डिझेल, म्हणजे सव्वादोनशे रुपये. भाड्याला नऊशे मोजतो. तासामागे पावणेसातशे वाचले. पोरीच्या कॉलेजाच्या आत पैसे फिटतात.”

“तास किती?” मी विचारले.

“ते कसे सांगणार? लागतील तेवढे.”

इथे भाचेसून उठली आणि तिने भिंतीवरचे कालनिर्णय काढून आणले. दुधाचा हिशेब लिहावा तसे तिने पानांच्या मागल्या बाजूस ट्रॅक्टरचे तास लिहून ठेवले होते. पहिली नांगरट ९ तास, चिखलणी १२, हरभऱ्याची मशागत ९, भाजीच्या वाफ्यांची ६, शेणखत आणि माल वाहण्याचे ट्रॉलीचे २४. वर्षाचे एकूण तास भरले ६०. मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा लहानाला थोडे अधिक लागतील, पण आपण ६०च धरू.

आता भाचेबुवांच्याच हिशेबाने बघा. तासाला पावणेसातशे वाचले तर पाच लाख वाचायला साधारण ७४० तास हवेत. वर्षाला ६० तासांनी त्याला बारा वर्षांहून अधिक लागतात. मुलीचे कॉलेज तीन वर्षांवर आहे. आणि हा हिशेब अजून पुरता मांडलेलाही नाही.

कोणत्याही यंत्राचे खर्च दोन. एक चालता खर्च, दुसरा उभा खर्च. चालता खर्च यंत्र चालले तरच होतो. उभा खर्च ते गोठ्यात उभे असले तरी होतो. बैलवाल्याला हे शिकवावे लागत नाही, कारण बैल रोज वैरण मागतो. ट्रॅक्टर मागत नाही, म्हणून तो काही खात नाही असे वाटते. प्रत्यक्षात तोही खातो, फक्त हंबरत नाही.

त्याचे खाणे असे. पंधरा-अठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि सोबत रोटर व बाकीची औजारे मिळून किंमत ५,००,००० धरू. दहा वर्षांनी मोडीत दहा टक्के, म्हणजे ५०,००० येतील. उरलेले ४,५०,००० दहा वर्षांत झिजले. वर्षाचा घसारा ४५,०००. मग व्याज. यंत्राची किंमत दरसाल उतरत जाते, म्हणून व्याज पहिल्या आणि शेवटच्या किमतीच्या सरासरीवर धरतात. सरासरी २,७५,०००, दर दहा टक्के, व्याज २७,५००. विमा, कागदपत्रे आणि डोक्यावरचे पत्र्याचे छप्पर यांना किमतीच्या दोन टक्के, म्हणजे १०,०००. एकूण उभा खर्च वर्षाला ८२,५०० रुपये. किल्ली फिरवली नाही तरीही.

“पण मामा, पैसे आपलेच. व्याज कुणाला द्यायचंय?”

“आज बँक तुला व्याज देते ना? ते उद्या देणार नाही. दिलेले व्याज आणि बुडालेले व्याज, दोन्ही एकाच खिशातून जाते.” दर काय धरावा याबद्दल मात्र भांडता येते. कर्ज काढणाऱ्याने बँकेचा दर धरावा. ठेव मोडणाऱ्याने ठेवीचा धरला तरी चालेल. त्याने वर्षाला आठ-नऊ हजारांचा फरक पडतो, निकाल बदलत नाही.

चालता खर्च सोपा आहे. डिझेल २२५, वंगण २५, दुरुस्ती आणि टायर ५०, चालवणाऱ्याची मजुरी १००. तासाला ४०० रुपये. भाचेबुवा स्वतः चालवणार, म्हणून मजुरी धरू नये असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या आईने परस्पर उत्तर दिले, “का? तुझ्या दिवसाला मोल नाही?”

आता दोन्ही खर्च एकत्र करू. शेतकी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचे काम वर्षाला हजार तास धरण्याची रीत आहे. हजार तास चालला तर तासाला उभा खर्च साडेब्याऐंशी रुपये, एकूण ४८३ रुपयांच्या आत. ५०० तासांना ५६५. ३०० तासांना ६७५. १५० तासांना ९५०. १०० तासांना १,२२५. आणि जांब्याच्या ६० तासांना १,७७५ रुपये!

म्हणजे ज्या कामाला भाड्याचा माणूस ९०० घेतो, तेच काम घरच्या ट्रॅक्टरने पावणेअठराशेला पडते. वर्षाला ५२,५०० रुपयांचा फटका. भाडे आणि घरचा खर्च बरोबरीला यायला १६५ तास हवेत. ८२,५०० ला भाडे आणि चालता खर्च यांतल्या फरकाने, म्हणजे ५०० ने, भागले की हा आकडा येतो. वाचकांनी भागाकार स्वतः करून पाहावा. आपल्या गावचा दर घालून पाहिला तर उत्तमच.

किंमत घासाघीस करून उतरवली तर? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जी. एस. टी. बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या खरेदीत त्याने सुमारे तेहतीस हजार वाचतात. रक्कम लहान नव्हे. पण ६० तासांच्या हिशेबात तासामागे नव्वद रुपयेच उतरतात. तेच तास ६०चे १२० झाले, तर तासामागे जवळजवळ सातशे उतरतात. स्वस्ताई दुकानात थोडी असते आणि वापरात फार असते.

मग तास वाढवायचे कसे? “भाड्याने देतो,” हे उत्तर प्रत्येकजण देतो. पण ज्या पंधरवड्यात लोकांना ट्रॅक्टर हवा, त्याच पंधरवड्यात आपल्यालाही हवा. शिवाय या रानातून त्या रानात जाण्याचे डिझेल आपले, आणि “पुढच्या महिन्यात देतो” म्हणणाऱ्याची उधारीही आपलीच.

खरी अडचण रानाच्या आकाराची आहे आणि ती जुनी आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी आपल्या पिंपळे सौदागरचा अभ्यास करून १९१७ साली तो प्रसिद्ध केला. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा, आणि १९१४-१५ साली ७ एकर. आज त्या पिंपळे सौदागरात सोसायट्या उभ्या आहेत. सबंध महाराष्ट्राची सरासरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होती. जांब्याचे भाचेबुवा त्या सरासरीतच बसतात. यंत्र हजार तासांचे आणि रान साठ तासांचे, अशी ही विजोड सोयरीक आहे.

आपल्या वाडवडिलांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. एका बैलाचा धनी दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी पैरा करी. आज तुझे रान, उद्या माझे. सावड होती, इर्जिक होते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आले तेव्हा जड नांगराला बैलांच्या दोन-चार जोड्या लागत, त्या काही एकाच दावणीच्या नसत. बैल गेले आणि त्यांच्यामागे पैराही गेला. ट्रॅक्टर एकट्याने ओढतो, म्हणून तो एकट्याने घ्यावा असे आपण धरून चाललो.

मी म्हणालो, “तुझ्या शेजारी दोघे चुलतभाऊ आहेत. तिघांत घ्या.”

ओटीवर एकदम शांतता पसरली. थोरल्या चुलतभावाशी बांधावरून चार वर्षे बोलणे नव्हते. दोन हातांचा बांध! भाचेबुवा म्हणाले, “मामा, दुसरं काहीही सांगा.” मी दुसरे काही सांगितले नाही, कारण आकड्यांत दुसरे काही नव्हते. रात्री भाचेसून म्हणाली, “यांचं बोलणं बंद आहे, आम्हा जावांचं नाही. मी सकाळी जाते.” जाताना तिने कालनिर्णयाची पाने बरोबर नेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघे भाऊ एका ओट्यावर बसले. बांधाचा विषय कोणी काढला नाही. थोरल्याचे तास ६५ भरले, धाकट्याचे ५५, आणि आमचे ६०, एकूण १८०. उभा खर्च तासाला ४५८ वर आला, चालता धरून ८५८. तिघांत मिळून भाड्यापेक्षा वर्षाला साडेसात हजार वाचतात.

“एवढ्यासाठी एवढा खटाटोप?” धाकट्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. नफा म्हणावा असे त्यात काही नाही. पण एकट्याने घेतला तर जे साडेबावन्न हजार बुडत होते, ते बुडत नाहीत. चिखलणी वेळेवर होते. आणि आमच्या घरापुरते सांगायचे तर ठेवीतले एक लाख सदुसष्ट हजार जातात, तीन लाख तेहतीस हजार मुलीसाठी राहतात. ही नात दाराशी उभी राहून सगळे ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण आकडा ऐकून आत चहा टाकायला गेली.

मग वहीत नियम लिहिले. ट्रॅक्टर नेताना आणि आणताना तासांच्या मीटरचा आकडा लिहायचा. मात्र यांत्रिक मीटरचा तास इंजिनाच्या ठरावीक वेगाला बांधलेला असतो, सावकाश चालवले तर तो घड्याळाच्या मागे राहतो, म्हणून तिघांनी मीटरच प्रमाण मानायचे. डिझेल आणि चालवणारा ज्याचा त्याचा. बाकी तासाला ५३५ रुपये सामाईक खात्यात भरायचे. त्यातून वंगण, दुरुस्ती आणि विमा भागवायचा, गुंतवलेल्या पैशाचे व्याज तिघांना द्यायचे, आणि घसाऱ्याचे ४५,००० दरसाल ठेवीत टाकायचे, म्हणजे पुढचा ट्रॅक्टर कोणाच्या मुलीच्या फीमधून येणार नाही. चिखलणीचा पहिला क्रम चिठ्ठी टाकून. यंदाचा पहिला पुढच्या वर्षी शेवटचा. त्या पंधरवड्यात बाहेर भाडे नाही.

शेवटचा नियम थोरल्याने सुचवला. “उद्या एकाने रान विकलं तर?” जांब्यात हा प्रश्न कल्पनेतला नाही. एकजण गेला आणि तास १२० वर आले, तर खर्च तासाला १,०८७ होतो आणि भाड्याचाच ट्रॅक्टर परवडतो. ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षांचे, पण रानाचे किती वर्षांचे, हे कोणी सांगावे? तेव्हा असे ठरले, की जाणाऱ्याला त्याचा वाटा घसारा वजा करून मिळेल आणि उरलेल्या दोघांनी ट्रॅक्टर ठेवायचा की विकायचा, हे वही पाहून ठरवायचे. दरम्यान धाकट्याला महिनाभर विचार करायला हवा आहे, आणि तो त्याने जरूर करावा.

आता शहरातल्या वाचकांसाठी. वरच्या हिशेबात उभा खर्च किमतीच्या साडेसोळा टक्के आला. तोच अंदाज आपल्या मोटारीला लावून पाहा. आठ लाखांच्या गाडीचा वर्षाचा उभा खर्च १,३२,००० होतो. ती वर्षाला २०० तास चालत असेल, तर पेट्रोल घालण्याआधीच तासाला ६६० रुपये पडले. रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्यासाठी, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी हे पैसे मोजणे योग्यही असेल. प्रत्येक सोय भाड्याच्या तराजूत तोलायची नसते. पण काय मोजतो आहोत ते माहीत असावे. घरात एक वही ठेवा आणि पहिल्या पानावर वस्तूची किंमत नव्हे, तिचे तास लिहायला सुरुवात करा. ते काम घरातल्या ज्या व्यक्तीकडे दुधाचा हिशेब आहे, तिच्याकडे द्यावे. आकडे चुकत नाहीत, आणि वेळ पडली तर ती चार वर्षे बंद असलेल्या दारापर्यंतही ते घेऊन जाते.